आधी येईल त्याचं नाव

काचीगुड्याच्या फलाटावर मराठवाड्याकडे जाणारी गाडी लागली, की ती पुरती थांबायच्या आत जनरल डब्याच्या खिडक्यांतून रुमाल, टॉवेल, वर्तमानपत्रं आत पडू लागतात. रुमाल ज्याचा, जागा त्याची. परभणी-नांदेड-जालन्याहून हैदराबादला शिकायला, नोकरीला, दवाखान्याला आलेल्या कित्येक पिढ्यांना हा नियम तोंडपाठ आहे आणि त्यावरून भांडायची पद्धतही. इंटरनेटवरच्या नावांचा मूळ नियम हाच आहे. फरक दोन. तिथे रुमाल टाकणाऱ्याला स्वतःला बसायचंच असतं असं नाही. आणि तो एका संध्याकाळी शंभर रुमाल टाकू शकतो.

याची झळ हैदराबादेतल्या एका मोठ्या कंपनीला फार लवकर लागली. डॉ. के. अंजी रेड्डी यांनी १९८४ साली सुरू केलेली डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज २००१च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदली गेली. त्याच वर्षी ती दिल्ली उच्च न्यायालयात एका वेगळ्याच कामासाठी उभी होती. ‘डीआर रेड्डीज लॅब डॉट कॉम’ हे नाव तिसऱ्याच कुणीतरी नोंदवून ठेवलं होतं. औषधांच्या धंद्यात नावावर विश्वास ठेवून गोळी तोंडात टाकली जाते; तिथे कंपनीच्या नावाचं दार दुसऱ्याच्या हातात असणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. न्यायालयाने मनाई हुकूम दिला. गंमत अशी, की त्याच वर्षी त्याच न्यायालयात टाटा सन्सनेही दावा लावला होता आणि प्रतिवादी तोच होता. त्याच्याकडे जेआरडी टाटा, रतन टाटा, टाटा हायड्रो, टाटा टेलिसर्व्हिसेस अशी टाटांची ओळीने नावं ‘डॉट कॉम’ लावून ठेवलेली होती. टाटांच्या कुठल्या कंपनीला पुढे कुठलं नाव लागेल, याचा अंदाज बांधून केलेली ही पेरणी. तिथेही मनाई हुकूम निघाला.

असं घडूच कसं शकतं, हा प्रश्न पडणारच. दुकानाला शॉप अॅक्टचा परवाना काढताना, कंपनी नोंदवताना, निदान आधार कार्ड तरी मागतात. कंपनीचं नाव आधीच्या कंपनीशी फार जुळत असेल तर निबंधक ते परत पाठवतो. डोमेनच्या खिडकीवर यातलं काही नाही. कुठल्याही रजिस्ट्रारच्या पानावर जा, मधल्या लांबट चौकटीत हवं ते नाव टाका, कळ दाबा. नाव मोकळं असेल तर हिरवी खूण आणि शेजारी किंमत. पहिल्या वर्षाला हजाराच्या आसपास, सवलत चालू असेल तर त्याहून बरीच कमी. नाव गेलेलं असेल तर तेच पान पर्याय सुचवतं. मध्ये आडवी रेघ टाकून बघा, मागे ‘इंडिया’ किंवा ‘ऑनलाइन’ जोडून बघा, ‘डॉट कॉम’ नाही तर ‘डॉट शॉप’ घ्या. पैसे भरले की मिनिटांत नाव तुमचं. हे नाव तुमचं कसं, ते कुणाच्या ट्रेडमार्कवर तर पाय देत नाही ना, हे विचारायला मध्ये माणूसच नाही. ‘डॉट कॉम’ची मूळ नोंदवही व्हेरिसाइन ही अमेरिकी कंपनी ठेवते, ‘डॉट इन’ची नोंद भारतात निक्सी या संस्थेकडे, सगळ्यांच्या वर १९९८ साली स्थापन झालेली आयकॅन. यांपैकी कुणीही नाव देताना मालकी तपासत नाही. तपासणी होते ती नंतर, भांडण झाल्यावर.

त्यात स्पेलिंगचा घोळ हा या धंद्याचा मोठा आधार. आमच्या काचीगुड्याचंच बघा. रेल्वेच्या पाटीवर रोमन लिपीत मध्ये ‘ई’ येतो, अनेक दुकानांच्या पाट्यांवर ‘आय’. दोन्ही बरोबर म्हणून चालतात. पत्ता टंकणाऱ्या माणसाच्या बोटांत अशी जी डगमग असते, तिच्यावरच काही जण घर बांधतात. एक अक्षर जास्त, एक कमी, दोन अक्षरं उलटसुलट, ‘एम’च्या जागी शेजारी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटवून. डोळा फसतो, ब्राउझर फसत नाही. तो लिहिलं असेल तिथे इमानेइतबारे घेऊन जातो.

भारतात या अक्षरखेळाचे दोन गाजलेले खटले झाले, आणि दोन्हींत बचावाची कल्पकता दाद देण्याजोगी आहे. पहिला मुंबईचा. रेडिफ हे नाव नव्वदीच्या दशकाअखेर बातम्या आणि ईमेलसाठी घराघरांत पोचलं होतं. ‘सायबरबूथ’ नावाच्या संस्थेने ‘ई’च्या जागी ‘ए’ घालून ‘रॅडिफ डॉट कॉम’ नोंदवलं. मुंबई उच्च न्यायालयात १९९९ साली त्यांनी सांगितलं, की हे नाव आम्ही रेडिफवरून घेतलेलंच नाही. रॅडिकल, इन्फर्मेशन, फ्यूचर आणि फ्री या चार शब्दांतली अक्षरं जोडून ते बनवलं. न्यायालयाचा यावर विश्वास बसला नाही. दुसरा खटला सिफीचा. सत्यम इन्फोवे ही हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सची चेन्नईतली कंपनी. सत्यम आणि इन्फोवे यांतली अक्षरं घेऊन तिने ‘सिफी’ हा शब्द घडवला, १९९९च्या जूनमध्ये सिफीनेट, सिफीमॉल वगैरे नावं नोंदवली आणि त्याच ऑक्टोबरमध्ये नॅसडॅकवर गेली. दोन वर्षांनी बंगळुरूच्या एका कंपनीने एक ‘एफ’ वाढवून ‘सिफ्फीनेट’ नोंदवलं. का, तर आमच्या पाच प्रवर्तकांच्या नावांची आद्याक्षरं जुळवली की तेच होतं. आद्याक्षरं जुळवून प्रसिद्ध नावाच्या इतक्या जवळ जाऊन पोचणं हा योगायोग मानायला न्यायाधीश सहसा तयार नसतात.

सिफीचा निकाल मात्र सहज लागला नाही, आणि म्हणूनच तो महत्त्वाचा ठरला. बंगळुरूच्या दिवाणी न्यायालयाने तात्पुरती मनाई दिली, कर्नाटक उच्च न्यायालयाने ती उलटवली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ६ मे २००४ रोजी न्यायमूर्ती रुमा पाल यांच्या खंडपीठाने सत्यम इन्फोवेच्या बाजूने निर्णय दिला. भारतात डोमेन नावांच्या वादासाठी वेगळा कायदा नाही, हे न्यायालयाने मान्य केलं. पण म्हणून ही नावं उघड्यावर पडलेली नाहीत. गिऱ्हाईक ज्या नावाने धंदा ओळखतं ते नाव, मग ते दुकानाच्या पाटीवर असो वा पडद्यावरच्या पत्त्यात, ‘पासिंग ऑफ’च्या तत्त्वाने राखता येतं. पासिंग ऑफ म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणं. किराणा, चहा, साबण यांच्या नकलांवर पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं हे जुनं तत्त्व होतं. न्यायालयाने ते इंटरनेटला लावलं. दिल्ली उच्च न्यायालयाने याहूच्या खटल्यात १९९९च्या फेब्रुवारीत तीच वाट धरली होती. तिथे प्रतिवादीने असंही म्हणून पाहिलं, की इंटरनेट वापरणारे लोक शिकले-सवरलेले असतात, ते ‘याहू’ आणि ‘याहू इंडिया’ यांत गोंधळणार नाहीत. तो युक्तिवाद टिकला नाही. आज मोबाइलवर बोट फिरवणारा प्रत्येक जण बघता, तो न टिकल्याबद्दल बरंच वाटतं.

सत्यमचं पुढे काय झालं ते हैदराबादेत कुणाला सांगायला नको. ७ जानेवारी २००९ला रामलिंग राजूंची कबुली आली, कंपनी टेक महिंद्राकडे गेली, मग ‘महिंद्रा सत्यम’ झाली आणि २०१३ साली ते नावही विलीन झालं. सिफीतला हिस्सा सत्यमने त्याआधी, २००५ सालीच विकला होता. सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून राखलेलं नाव आईबापांच्या नावापेक्षा जास्त टिकलं. ‘सत्यम’ पाटीवरून गेलं, ‘सिफी’ अजून चालू आहे.

दर वेळी सर्वोच्च न्यायालय गाठायचं म्हटलं तर कंपन्यांचं दिवाळं निघेल. जगभर हीच अडचण होती. अमेरिकेत पॅनाव्हिजन या कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीला आपलं नाव घ्यायला गेल्यावर कळलं, की ते इलिनॉयमधल्या एका माणसाकडे आहे. त्या पानावर त्याने पाना नावाच्या एका गावाची छायाचित्रं टाकली होती. मागणी होती १३ हजार डॉलरची. कंपनी न्यायालयात गेली आणि १९९८ साली जिंकली. पुढच्याच वर्षी तिथे खास कायदा झाला. एका नावामागे हजारापासून लाखापर्यंत डॉलर भरपाईची त्यात तरतूद आहे. पण नाव नोंदवणारा एका देशात, रजिस्ट्रार दुसऱ्या, कंपनी तिसऱ्या. कुठल्या देशाचा कायदा लावणार?

आयकॅनने १९९९मध्ये काढलेली तोड साधी आणि जरा चलाख आहे. डोमेन घेताना आपण न वाचता ज्या करारावर टिक करतो, त्यातच एक कलम घातलं: ट्रेडमार्कवाल्याने तक्रार केली तर मी लवादासारख्या प्रक्रियेला बांधील राहीन. यूडीआरपी या नावाने ती ओळखली जाते. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. नाव माझ्या ट्रेडमार्कसारखं आहे, समोरच्याचा त्यावर काही रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने नोंदवलं आणि वापरलं. समोरच्याला उत्तराला वीस दिवस. साक्षीपुरावे, उलटतपासणी काही नाही, सगळं कागदावर. साधारण दोन महिन्यांत निकाल. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, म्हणजे वायपोकडे, आलेलं पहिलंच प्रकरण होतं अमेरिकेतल्या कुस्तीचं. वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनचं नाव एकाने घेतलं आणि हजार डॉलरला त्यांनाच विकायला काढलं. २०००च्या जानेवारीत त्याला ते सोडावं लागलं. आज एकट्या वायपोकडे वर्षाला सहा हजारांवर तक्रारी येतात.

एक प्रकरण सांगायचा मोह आवरत नाही. २००६ साली मॉर्गन स्टॅन्ली या वित्तसंस्थेच्या नावाशी मिळतंजुळतं डोमेन नोंदवणाऱ्याने उत्तरात कळवलं, की मी मांजर आहे. लवादाने गंभीरपणे नोंद केली, की मांजराला लिहिता-वाचता येत नाही, तेव्हा हे उत्तर मांजराने दिलेलं असू शकत नाही. नाव कंपनीकडे गेलं.

‘डॉट इन’साठी भारताने २००५ साली स्वतःची अशीच प्रक्रिया आणली, आयएनडीआरपी. एका शब्दाने ती जास्त कडक आहे. यूडीआरपीत नाव वाईट हेतूने नोंदवलं ‘आणि’ वापरलं हे दोन्ही दाखवावं लागतं. इथे ‘किंवा’ आहे. नाव नुसतं दाबून ठेवलं, पान कोरं ठेवलं, तरी पुरे. दोन्ही ठिकाणी एक उणीव मात्र सारखी: नाव परत मिळतं किंवा रद्द होतं, भरपाई मिळत नाही. आणि तक्रार फुकट होत नाही. वायपोकडे एका नावापासून पाच नावांपर्यंतच्या तक्रारीला, एकच लवाद घेतला तर, दीड हजार डॉलर लागतात. वकिलाचे वेगळे. समोरच्याचा खर्च झालेला असतो हजारभर रुपये.

या हिशोबामुळेच पुष्कळ कंपन्या भांडतच नाहीत. गुपचूप विकत घेतात. आणि हे ठाऊक असल्यामुळेच नावं अडवली जातात. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये गाजलेलं ‘जिओहॉटस्टार’ प्रकरण आठवून पाहा. दिल्लीच्या एका तरुण अभियंत्याने रिलायन्स आणि डिस्ने यांच्या विलीनीकरणाच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा, २०२३मध्येच, ते नाव घेऊन ठेवलं. सावनचं ‘जिओसावन’ झालं होतं, तेव्हा हॉटस्टारचं काय होईल हे ओळखायला ज्योतिषी लागत नव्हता. मग त्याने त्याच पानावर कंपनीला पत्र लिहिलं: केंब्रिजच्या अभ्यासक्रमाचा खर्च द्या, नाव घ्या. रक्कम कोटीच्या घरात. कंपनीने नाकारलं. नंतर ते नाव दुबईत राहणाऱ्या एका भावा-बहिणीने, शाळकरी वयाच्या मुलांनी, विकत घेतलं आणि पुढे ते कंपनीला फुकट द्यायची तयारी दाखवली. १४ फेब्रुवारी २०२५ला जिओहॉटस्टार सुरू झालं.

त्या तरुणाबद्दल समाजमाध्यमांवर बरीच सहानुभूती होती. गरीब पोराने डोकं चालवलं, अब्जाधीशाला काय कमी पडतं, असा सूर. मला तो पटत नाही. त्याने नोंदवलेल्या नावात त्याचं असं एकही अक्षर नव्हतं. अर्धं एका कंपनीचं, अर्धं दुसरीचं. पण हेही खरं, की त्याने कुणाला फसवलं नाही, खोटं दुकान मांडलं नाही, उघड पत्र लिहून मागणी केली. वाईट हेतूतही प्रतवारी असते आणि लवादांच्या भाषेत तिला फारशी जागा नाही.

उलट बाजूही आहे. दांडग्या नावाचा मालक प्रत्येक वेळी खरा असतोच असं नाही. उत्तर कॅरोलिनातल्या उझी निसान यांचं आडनावच निसान. त्यांचा संगणकांचा धंदा होता, आणि १९९४ साली त्यांनी ‘निसान डॉट कॉम’ घेतलं. जपानी मोटार कंपनीने १९९९मध्ये एक कोटी डॉलरचा दावा लावला. कित्येक वर्षं न्यायालयात गेली, वकिलांवर पैसा खर्ची पडला, पण नाव त्यांच्याकडेच राहिलं. आपल्याकडे मुंबईच्या शादी डॉट कॉमलाही असा धडा मिळाला. एका खटल्यात तिच्या बाजूने हुकूम झाला. पण ‘सेकंड शादी’विरुद्ध ती २०१६ साली गेली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने तात्पुरती मनाई नाकारली. शादी हा सगळ्यांचा शब्द आहे. लग्नं जमवण्याच्या धंद्यात त्यावर एकाची मक्तेदारी कशी चालेल? बनवलेला शब्द राखणं सोपं, बाजारातून उचललेला शब्द राखणं अवघड. म्हणूनच जाणते वकील नवं नाव ठेवायला आलेल्या गिऱ्हाइकाला सांगतात: अर्थ लागेल असं ठेवू नका. ‘सिफी’ला अर्थ नव्हता, आणि तेच त्याचं बळ होतं.

इथवरची भांडणं नाव विकण्याची किंवा नावावर गिऱ्हाईक ओढण्याची. गेल्या दहाएक वर्षांत खेळ बदलला आहे. आता अडवलेलं नाव कंपनीला विकायचं नसतं. त्यावर कंपनीचंच खोटं दुकान उघडायचं असतं. हिंदुस्थान युनिलिव्हर २०२० साली मुंबई उच्च न्यायालयात गेली ती याच कारणाने. कंपनीच्या नावाशी जुळणारी डोमेन घेऊन लोकांना वितरकपद, एजन्सी देतो म्हणून पैसे उकळले जात होते. तालुक्याच्या गावातल्या माणसाला साबणाची एजन्सी मिळते म्हटल्यावर तो शेत गहाण टाकतो. न्यायमूर्ती गौतम पटेल यांचा त्या जूनमधला आदेश वाचण्यासारखा आहे, कारण त्यात तांत्रिक बाजू साध्या शब्दांत मांडली आहे. डोमेनची नोंद यंत्रच करतं, त्यात माणसाचा हात नसतो. रजिस्ट्रार नोंद निलंबित करू शकतो. एखादं नाव जगात कुठेच उघडू नये असं ‘ब्लॉक’ करणं त्याच्या हाती नाही. आणि पुढे येणाऱ्या नावांपैकी कुठलं ट्रेडमार्क मोडतं हे ठरवण्याचं काम न्यायालय रजिस्ट्रारवर सोपवू शकत नाही.

मग दर वेळी नव्याने दावा. आणि दावा लावायचा कुणावर? २०१८च्या मे महिन्यात युरोपचा खासगीपणाचा कायदा लागू झाला आणि डोमेनच्या मालकाचं नाव-पत्ता दाखवणारी ‘हू-इज’ची सार्वजनिक वही जवळपास कोरी झाली. त्याआधीही थोडे पैसे भरून नाव झाकता येत होतं. आज नोंद उघडली तर मालकाच्या रकान्यात ‘गोपनीयतेसाठी झाकलेले’ एवढंच येतं. आपल्या न्यायालयांत त्यावर उपाय आहे तो ‘अशोक कुमार’. ज्याचं नाव माहीत नाही त्या प्रतिवादीला हे नाव देऊन मनाई मिळवायची, रजिस्ट्रारला तपशील उघड करायला लावायचं आणि मग खरा माणूस जोडून घ्यायचा. दिल्ली उच्च न्यायालयात डाबरसह अनेक कंपन्यांच्या अशा दाव्यांचा एकत्र विचार झाला. बऱ्याचदा तपशील उघडल्यावर निघतो तो मोबाइल क्रमांक बंद आणि पत्ता खोटा.

रजिस्ट्रार या सगळ्यात नामानिराळे राहतात, हे मला सर्वांत खटकतं. हिरवी खूण दाखवणारं तेच पान, नाव मिळालं नाही तर पर्याय सुचवणारंही तेच. स्नॅपडीलने दिल्ली उच्च न्यायालयात नेमकं यावरच बोट ठेवलं. २०२२च्या एप्रिलमध्ये न्यायमूर्ती सी. हरी शंकर यांनी म्हटलं, की ट्रेडमार्क मोडणारी नावं पर्याय म्हणून सुचवून पैसे कमावणाऱ्यांना हात झटकता येणार नाहीत. पण ‘स्नॅपडील’ असलेलं कुठलंही नाव यापुढे देऊच नका, असा सरसकट हुकूम त्यांनी दिला नाही. प्रत्येक नावाचा न्याय वेगळा. कायद्याने ते बरोबरच आहे. कंपनीच्या विधी विभागाला मात्र त्यामुळे कायमची रोजंदारी लागली. मोठ्या कंपन्या आता रोज नव्या डोमेनांच्या याद्या चाळणाऱ्या सेवा विकत घेतात. सुरक्षा प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदी पाहतात, म्हणजे खोटं पान उघडण्याआधीच त्याचा सुगावा लागतो. आपल्या नावाची चुकीची स्पेलिंगंही स्वतःच घेऊन ठेवतात. नवी शेपटं, ‘डॉट शॉप’, ‘डॉट ऑनलाइन’, २०१३नंतर हजारावर आली. त्यासाठी आयकॅनने ट्रेडमार्कांची एक मध्यवर्ती नोंदवही केली, जिच्यात नाव असलेल्याला नवं शेपूट बाजारात यायच्या आधी पहिली संधी मिळते. तीही फी भरूनच. आपलंच नाव पुन्हा पुन्हा विकत घेण्याचा हा धंदा आहे.

आणि ज्याच्यापाशी विधी विभाग नाही त्याने? रात्री काचीगुड्याहून वेंकटाद्री एक्स्प्रेस सुटते, तिच्यात तिरुपतीला जाणारी मंडळी असतात. दर्शनाचं, खोलीचं आरक्षण बहुतेकांनी ऑनलाइन केलेलं असतं. तिरुमला तिरुपती देवस्थानाच्या नावाने चाललेल्या चाळीसहून अधिक बनावट संकेतस्थळांविरुद्ध २०२३ साली पोलिसांत तक्रारी झाल्या. देवस्थान श्रीमंत आहे, पाठीशी सरकार आहे, तरी ही गत. चप्पल बाजारातल्या एखाद्या दुकानदाराने आपल्या तीन पिढ्यांच्या दुकानाचं नाव अजून नोंदवलेलं नसेल आणि उद्या ते कुणी घेतलं, तर त्याच्याकडे ट्रेडमार्कचा कागदही नसतो. ‘पासिंग ऑफ’ त्याला मिळू शकतं, कारण त्याला नोंदणी लागत नाही. जुना धंदा, जुनी बिलं, गिऱ्हाइकांची ओळख पुरते. पण जुनी बिलं जपून ठेवलेली हवीत आणि दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षं जायची तयारी हवी. हजार रुपयांत आधीच ‘डॉट इन’ घेऊन ठेवणं त्याला परवडतं. वायपो परवडत नाही.

देवनागरीतही ही गोष्ट येऊन ठेपली आहे. २०१४च्या ऑगस्टमध्ये ‘डॉट भारत’ सुरू झालं, मराठीसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी. आपल्या लिपीत डोळा फसवायला रोमनपेक्षा जास्त वाव. ऱ्हस्व-दीर्घाचे घोळ, अनुस्वार की पर-सवर्ण, शिवाय दोन प्रकारांनी लिहिता येणारी जोडाक्षरं. म्हणून देवनागरी नावांच्या नियमांत एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं गटात बांधण्याची काळजी आधीच घ्यावी लागली. मराठी दुकानदारांनी ‘डॉट भारत’ फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही. चोरांनीही नाही, आणि त्याचं कारण तेच असावं: गर्दी नसलेल्या बाजारात खिसेकापू जात नाहीत.

नाव देतानाच तपासणी करायची, ही सरळ गोष्ट कुणी करून पाहिली का? पाहिली, आणि ती हैदराबादेतच. मासाब टँकजवळ आयडीआरबीटी ही संस्था आहे. रिझर्व्ह बँकेने १९९६ साली बँकांच्या तंत्रज्ञानासाठी काढलेली. फेब्रुवारी २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं, की बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ हे राखीव शेपूट असेल आणि त्याची नोंदणी एकटी आयडीआरबीटी करेल. बँकांना स्थलांतरासाठी मुदत दिली ती ३१ ऑक्टोबर २०२५ची. बँक नसलेल्या वित्तसंस्थांसाठी ‘फिन डॉट इन’ची योजना. इथे हजार रुपये भरून कुणीही नाव घेऊ शकत नाही. आधी बँक असावं लागतं. यूडीआरपीच्या पाव शतकात जे जमलं नाही ते एका साध्या अटीने होऊ शकतं. खोटा पत्ता ओळखायला ग्राहकाला इंग्रजी स्पेलिंग तपासायची गरज उरत नाही, पत्ता कुठे संपतो एवढं बघितलं की झालं. नागरी सहकारी बँकांना याचा सर्वांत जास्त उपयोग. जिल्ह्याबाहेर ज्यांचं नाव कुणी ऐकलेलं नाही, अशांचं बनावट पान ओळखणं ग्राहकाला सर्वांत कठीण जातं.

यातही एक मेख आहे, आणि ती बँकांच्या संगणक विभागांना ठाऊक आहे. नवा पत्ता मिळाला म्हणून जुना सोडता येत नाही. वीस-पंचवीस वर्षं चेकबुकांवर, पासबुकांवर, एटीएमच्या पाट्यांवर, जुन्या ईमेलांत छापला गेलेला ‘डॉट कॉम’ किंवा ‘को डॉट इन’ पत्ता एकदा का नूतनीकरण न होता मोकळा झाला, की तो त्याच हिरव्या खुणेसह बाजारात येतो, आणि बँकेचा खरा जुना पत्ता घेणाऱ्या भामट्याला खोटं स्पेलिंग लिहायचीही गरज उरत नाही. तेव्हा बँकेने नव्या पत्त्यावर बिऱ्हाड हलवायचं, जुन्यावर आलेल्या ग्राहकाला नव्याकडे पाठवायचं, आणि ज्या नावावर आता धंदा करायचा नाही त्याचं भाडं दर वर्षी न चुकता भरत राहायचं.